भिंतीवरचा फोटो आणि रोजचा फोटो

आमच्या घरात आईचा एकच फोटो आहे. तिच्या अंगावर हिरवी काठाची साडी आहे, गळ्यात मोत्यांची माळ आहे आणि मान थोडी उजवीकडे कललेली आहे. वाचक बंधू-भगिनींनो, खरे सांगायचे तर त्यातली साडी आईची नव्हे, माळ आईची नव्हे आणि मानही आईची नव्हे. चेहरा तेवढा तिचा आहे.

१९९८ साली आई कालकथित झाली. जलदान विधी आणि पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला फोटो हवा म्हणून आम्ही भावंडांनी ट्रंक उपसली. रेशनकार्ड निघाले, बाबांचा गिरणीचा पास निघाला, आमचे शाळेचे दाखले निघाले. आईचा सुटा फोटो कुठे नव्हता. शेवटी मामाच्या लग्नातला एक ग्रुप फोटो मिळाला. त्यात आई मागच्या रांगेत, आत्याच्या खांद्याआड उभी. निम्मा चेहरा उजेडात, निम्मा सावलीत. स्टुडिओवाल्याने तो चेहरा कापला, मोठा केला, सावलीतली बाजू ब्रशने रंगवली आणि त्याच्याकडे तयार असलेल्या कुठल्यातरी बाईच्या धडावर बसवला. "उद्या संध्याकाळी न्या," म्हणाला.

त्याला मी दोष देत नाही. त्याने एका दिवसात जे जमले ते केले. अठ्ठावीस वर्षे मी आईच्या मागे-पुढे वावरले, मला तिचा फोटो काढून ठेवावा असे कधी वाटले नाही. कॅमेरा नव्हता ही सबब खरी, पण पुरती खरी नाही. भावाच्या नामकरणाला फोटोवाला आला होता. माझ्या बहिणीच्या मंगलपरिणयाला आला होता. जयंतीला तर दर वर्षी चाळीत फोटोवाला यायचा, पाच-दहा रुपये घेऊन फोटो काढून द्यायचा. त्या प्रत्येक वेळी आई स्टोव्हपाशी होती. "तुम्ही काढा, मी आलेच," म्हणायची.

हे सगळे आठवायचे कारण असे की गेली काही वर्षे मी रोज एक फोटो काढते. घरातला, वाटेवरचा, प्रवासातला. पण रोज एक. तो कशासाठी आणि कसा, हे आपल्या कुटुंबांना सांगावे म्हणून हा लेख.

आपल्या कुठल्याही घरात जा. समोरच्या भिंतीवर तथागत आणि बाबासाहेब असतात, शेजारी माता रमाई असतात. खाली हार घातलेले आजोबा किंवा आजी असतात, आणि त्यांतले निम्मे फोटो आमच्या आईसारखेच जोडून, रंगवून केलेले असतात. अल्बम उघडला तर लग्ने, मिरवणुका, आणि पाहुण्यांना पुष्पगुच्छ देताना मंडळाचे अध्यक्ष. अध्यक्षांचे फोटो पुष्कळ असतात. पण पहाटे पिंप भरणारी बाई, रात्रपाळीहून येऊन मुलाचा अभ्यास घेणारा बाप, दिवाबत्ती झाल्यावर विहारात सतरंजी अंथरणारी मुले, हे कुणाच्या अल्बममध्ये नसते.

बाहेरचे लोक आपले फोटो काढतात, नाही असे नाही. वर्तमानपत्रात आपण दिसतो ते ६ डिसेंबरची गर्दी म्हणून, मोर्चा म्हणून, नाहीतर अत्याचार झाल्यावर. २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांची हत्या झाली. त्या मृतदेहांचे फोटो हातोहात फिरले, आपण सर्वांनी ते पाहिले आणि पेटून उठलो. ते योग्यच होते. पण तुम्ही आम्ही स्वतःला विचारू या: सुरेखाताई शेतात काम करताना, प्रियंका अभ्यासाला बसलेली असताना कशा दिसत होत्या, हे आपल्यापैकी किती जणांच्या डोळ्यांपुढे आहे? आपली माणसे जिवंत असतात, हसत असतात, तेव्हा त्यांच्यासमोर कॅमेरा नसतो. याला अपवाद आहेत. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मुंबई महापालिकेच्या सफाई कामगारांचे जगणे वर्षानुवर्षे टिपले. २०१६ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण एका ओलव्यांनी किती घरांत जायचे? आपले घर आपल्यालाच पाहावे लागेल.

न्यूयॉर्कचा एक माणूस

रोज एक फोटो ही कल्पना माझी नव्हे. न्यूयॉर्क शहरात जेमी लिव्हिंगस्टन नावाचा एक गृहस्थ होता. त्याचा जन्म २५ ऑक्टोबर १९५६ चा. म्हणजे नागपूरला बाबासाहेबांनी आपल्याला धम्मदीक्षा दिली त्यानंतर अकराच दिवसांनी तो जन्मला. ज्या शहरात बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले त्याच शहरात त्याने आयुष्य काढले. एवढे सोडले तर त्याचा आपला काही संबंध नाही. तो सिनेमाच्या कामात होता आणि सर्कशीतही खेळ करायचा.

३१ मार्च १९७९ पासून त्याने रोज एक फोटो काढायला सुरुवात केली. त्याच्याकडे पोलरॉइड कॅमेरा होता. त्या कॅमेऱ्यातून फोटो लगेच बाहेर येतो, हातातल्या हातात उमटतो, धुवायला टाकावा लागत नाही. पण निगेटिव्ह नसते, त्यामुळे एक फोटो म्हणजे एकच प्रत. जेमीचा नियम असा की दिवसाला एक. तो काढून झाल्यावर आणखी काही छान दिसले तरी दुसरा काढायचा नाही. जेवणाचे ताट, मित्रांचा घोळका, रिकामी खुर्ची, रस्ता, टीव्हीवर चाललेला सामना, आरशातला स्वतःचा चेहरा, असे काहीही. वर्षे गेली. मग तो आजारी पडला, मेंदूत गाठ झाली. फोटो थांबले नाहीत. इस्पितळातली खाट दिसते, डोक्यावरचे केस गेलेले दिसतात. अगदी शेवटच्या दिवसांत बोटातली अंगठी दिसते, लग्न लागलेले दिसते. २५ ऑक्टोबर १९९७ ला, आपल्या एकेचाळिसाव्या वाढदिवशी, तो वारला. त्या दिवसाचाही फोटो आहे.

मधले काही दिवस सुटले, तरी साडेसहा हजारांहून अधिक फोटो मागे राहिले. ह्यू क्रॉफर्ड आणि बेट्सी रीड या त्याच्या मित्रमंडळींनी ते नीट लावले, आणि २००७ साली ज्या बार्ड कॉलेजात तो शिकला होता तिथे त्यांचे प्रदर्शन भरवले.

मला त्यात लागली ती एकच गोष्ट. त्यातला एकेक फोटो सुटा घेतला तर पुष्कळदा त्यात विशेष काही नाही. ताट आहे, खुर्ची आहे. ओळीने पाहिले की माणूस उभा राहतो. आईच्या फोटोत नेमके हेच नाही. तिथे एक चेहरा आहे आणि त्याच्या मागे-पुढे दिवस नाहीत.

राजगृहातले एक चित्र

कुणी म्हणेल, रोजच्या जेवणा-झोपण्याचे फोटो काढून समाजाचे काय भले होणार? त्यापेक्षा पुस्तक वाचा. पुस्तक वाचावेच. पण बाबासाहेबांचे जे फोटो आपण पाहिले आहेत त्यांतला एक डोळ्यांसमोर आणा. १९३४ च्या फेब्रुवारीतला, राजगृहातला. बाबासाहेब आहेत, रमाई आहेत, यशवंतराव आहेत, वहिनी लक्ष्मीबाई आणि पुतणे मुकुंदराव आहेत. आणि टॉबी आहे, बाबासाहेबांचा लाडका कुत्रा. त्यात सभा नाही, भाषण नाही. घरातली माणसे एकत्र आली आहेत इतकेच. पुढच्या वर्षी, २७ मे १९३५ ला, रमाई गेल्या. तो फोटो कुणी काढला नसता तर आपल्या रमाई आपल्या माणसांत कशा दिसत होत्या हे आपल्याला कोणी सांगितले असते? आणि बाबासाहेबांच्या घरात टॉबी होता हे लहान मुलाला सांगा, त्याचे डोळे कसे चमकतात पाहा.

दुसरे नाव घ्यायला हवे ते नामदेवराव व्हटकर यांचे. ७ डिसेंबर १९५६ ला मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली. लाखो माणसे रडत चालली होती. त्या वेळी हे चित्रित करून ठेवले पाहिजे हे व्हटकरांना सुचले, आणि त्यांनी पदरमोड करून ते केले. आज आपण ती दृश्ये पाहतो ती त्यांच्यामुळे. त्या गर्दीत आमचे आजोबा होते. मी ती दृश्ये अनेकदा थांबवून थांबवून पाहिली. टोपी घातलेला प्रत्येक माणूस मला आजोबा वाटतो. पण मी त्यांना ओळखणार कशी? त्यांचाही फोटो आमच्याकडे नाही.

बाबांचे दिवस

मी सुरुवात केली २०२१ च्या भीमजयंतीला. कोरोनामुळे त्या वर्षी मिरवणूक नव्हती. वरळीच्या बी.डी.डी. चाळीतल्या आमच्या खोलीत बाबांनी एकट्याने हार घातला, मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील म्हटले. पंचाहत्तर वर्षांचा माणूस, पांढरा सदरा घालून, रिकाम्या गॅलरीकडे पाठ करून उभा. मी मोबाईलवर फोटो काढला. दुसऱ्या दिवशी पुन्हा काढला.

पहिला महिना वाया गेल्यासारखाच होता. बुद्धमूर्ती, मेणबत्ती, पुन्हा बुद्धमूर्ती, मावळता सूर्य. कॅलेंडरवर असते ते सगळे. बाबा वैतागले. "रोज रोज काय गं काढतेस? मेल्यावर हार घालायला पाहिजे म्हणून?" मी गप्प बसले. थोड्या वेळाने तेच म्हणाले, "तुझ्या आईचा काढला असतास तर." त्यानंतर दोन दिवस मी फोन हातात घेतला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांच्या हातांचा काढला. लसूण सोलत बसले होते. रात्री त्यांना मोठा करून दाखवला, तर ते फोटोतल्या बोटाकडे बोट दाखवून म्हणाले, "हे बघ, हे सुताने कापलेले." आणि मग गिरणी सुरू झाली. १९६५ साली ते रिंग खात्यात लागले. दिवसभर तुटलेला धागा सांधायचा. त्यांचे वडीलही रिंग खात्यातच होते. का? कारण कापड खात्यात पगार जास्त, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे, आणि अस्पृश्याच्या तोंडचा धागा सवर्ण कामगाराला चालत नसे. म्हणून आपल्या माणसाला त्या खात्याचे दार बंद. बाबासाहेबांनी १९२८ च्या संपात हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे लावून धरला होता. हे मी पुस्तकात वाचले होते. आपल्या घरातल्या हातावर ते आहे हे मला एकावन्नाव्या वर्षी कळले, आणि तेही लसणाच्या फोटोमुळे. १९८२ चा संप झाला, गिरणी सुटली, बाबा वॉचमन झाले. साच्यावर, खात्यात, गेटावर, त्यांचा एकही फोटो नाही.

तेव्हापासून कशाचा काढायचा हे बाबाच सांगू लागले. "तो नळ काढ." "तो जिना काढ, तिसऱ्या पायरीवर शांताराम पडला होता." चाळ पाडायची होती, सर्वांना ठाऊक होते. १९२० च्या दशकात सरकारने बांधलेल्या या चाळी. तळमजला अधिक तीन मजले, एका मजल्यावर वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. त्या १६० फुटांत आम्ही सात जण वाढलो. गावाहून नोकरीसाठी आलेले चुलते-मामे धरले तर कधी अकरा. फोटो काढू लागल्यावर दिसले की आमच्या भिंतीवर जमिनीपासून चार फुटांवर तेलकट पट्टा होता. सगळ्यांनी पाठ टेकून टेकून तो झाला होता. रोज पाहत होते, दिसला नव्हता.

एकदा चुकले, तेही सांगते. पहाटे गॅलरीच्या टोकाला बायका रांगेत उभ्या होत्या, हातात डबे. उजेड सुरेख होता. मी फोन वर केला आणि शेजारच्या मावशी ओरडल्या, "असा नको काढू बाय. आमचं काय हेच दाखवायचंय?" मला लाज वाटली. आपल्याला बाहेरच्या फोटोवाल्यांचा राग येतो तो याच कारणाने, आणि मी तेच करत होते. फोटो पुसून टाकला, त्यांच्यासमोर. आठवड्याने मावशी स्वतःच आल्या. "ये, आता काढ." शिलाई मशीनपाशी बसल्या, चष्मा लावला, सुईत दोरा ओवला. चाळीतल्या मुलींचे जयंतीचे पांढरे ड्रेस तीस वर्षे त्यांनी शिवले होते. तो फोटो त्यांच्या मुलाने मोठा करून लावला आहे. तर भगिनींनो, विचारल्याशिवाय काढू नका. आजारी माणसाचा, रडणाऱ्या माणसाचा तर नाहीच. आणि काढलेला प्रत्येक फोटो मोबाईलवरून जगाला पाठवायची काही गरज नाही. हा स्टेटसला लावायचा उद्योग नव्हे.

२०२२ मध्ये आम्ही खोली रिकामी केली आणि संक्रमण शिबिरात आलो. शेवटच्या दिवशी बाबांनी दाराला कुलूप लावले. पाडायच्या खोलीला कुलूप! मी हसले, ते हसले नाहीत. तो फोटो आहे. वरळीतल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना २०२५ च्या ऑगस्टमध्ये नव्या घराच्या चाव्या मिळाल्या, ५०० फुटांच्या. आनंदाची गोष्ट आहे, आपल्या माणसांनी शंभर वर्षे सामाईक संडासात काढली. पण त्या नव्या इमारतीत वाढणाऱ्या मुलाला १६० फूट म्हणजे किती, हे सांगून पटणार नाही. तेलकट पट्टा दाखवावा लागेल.

प्रवासात

आपण फिरायला जात नाही असे म्हणतात. आपण तर सारखे फिरतो. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, अशोक विजयादशमीला दीक्षाभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड. आणि तिथे काय काढतो? स्तूपासमोर उभे राहून आपला फोटो. सगळ्यांचा सारखा. मीही काढला. पण २०२२ च्या ६ डिसेंबरला बाबांना घेऊन गेले तेव्हा दिवसाचा एकच फोटो काढायचा म्हणून जरा थांबून पाहिले. शिवाजी पार्कात विदर्भातून आलेली एक आजी पटकुरावर बसून भाकरी खात होती. शेजारी नुकतीच घेतलेली दोन पुस्तके, धूळ लागू नये म्हणून पदरात गुंडाळलेली. "तुम्हाला वाचता येतं का आजी?" बाबांनी विचारले. "मला न्हाई. नातीला येतं." त्यांना विचारून मी फोटो काढला. तो पदर आणि पुस्तके. स्तूपासमोरचा आमचा फोटो कुठे गेला ते आता आठवतही नाही.

नागपूरला गेलो तेव्हा गाडीत जागा नव्हती. दारापाशी अंथरलेल्या चादरीवर नाशिकपासून वर्ध्यापर्यंत पाच अनोळखी कुटुंबे एका डब्यातून शेव-चिवडा खात होती. तो फोटो घ्यायला विसरू नका. पोहोचल्याचा फोटो सगळेच घेतात, वाटेचा कुणी घेत नाही.

मुंबईकरांना बोरिवलीची कान्हेरी लेणी जवळ आहेत. मुलांना घेऊन रविवारी जा, पण धबधब्यापाशीच थांबू नका. तिथल्या शिलालेखांत कल्याणच्या लोहाराचे, सोनाराचे नाव आहे. कुणी पाण्याचे टाके खोदून दिले, कुणी लेण्याला मदत केली. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या हाताने काम करणाऱ्या माणसांची नावे दगडात आहेत आणि आजही वाचता येतात. अजिंठ्यालाही तसेच. सतरा नंबरच्या लेण्यात आरसा घेऊन नटणारी राणी आहे, तिच्याभोवती दासी आहेत. जातककथा सांगताना त्या चित्रकारांनी बाजार, घर, जेवण, लेकरे सगळे भिंतीवर आणले. म्हणजे रोजचे जगणे चित्रात घ्यायला आपला धम्म कधी लाजला नाही. तिथे फ्लॅश मात्र वापरू नये, मनाई आहे, रंग खराब होतात.

जपायचे कसे

माझा अनुभव असा की फोटो काढणे सोपे, ठेवणे अवघड. आमच्या मजल्यावरच्या एका मुलाचा मोबाईल गटारात पडला, त्यासोबत त्याच्या आजोबांची शेवटची दोन वर्षे गेली. त्याच्या आईने दोन दिवस जेवण घेतले नाही. म्हणून महिनाअखेरीस बसून त्या महिन्याचे फोटो दुसरीकडे उतरवून घ्यावेत. नात्यातल्या शिकलेल्या पोराला हे काम द्या, ते दहा मिनिटांत करते. आणि महिन्यातले आठ-दहा निवडून छापून घ्यावेत. चिकट पानांचे अल्बम बाजारात मिळतात ते घेऊ नका, काही वर्षांत पान पिवळे पडते आणि फोटो निघत नाही. साधा पाकिटांचा अल्बम बरा. आपल्याकडे पावसाळ्यात ओल फार. फोटो भिंतीला चिकटून असलेल्या कपाटात ठेवू नयेत आणि एकावर एक रचायचे तर मध्ये कागद घालावा. काचेला टेकलेला फोटो ओलीने काचेलाच चिकटतो. आईचा तसा झाला आहे, हनुवटीपाशी.

सगळ्यात महत्त्वाची ती वही. शंभर पानी शाळेची वही पुरते. तारीख, जागा, फोटोत कोण, आणि एक ओळ. नाव पूर्ण लिहावे, "मावशी" लिहून भागत नाही. पन्नास वर्षांनी ती कुणाची मावशी हे कोण सांगणार? बाईचे नाव लिहिताना नवऱ्याच्या नावाने "सौ." म्हणून लिहू नका, तिचे स्वतःचे नाव लिहा. कान्हेरीतल्या लोहारालाही नाव आहे. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना शोधून शोधून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक केले, ते १९८९ साली आले. तोवर त्यांतल्या कितीतरी जणी म्हाताऱ्या झाल्या होत्या. एवढ्या उशिरापर्यंत थांबायला नको.

रोज जमतेच असे नाही. माझ्या वहीत मोकळ्या ओळी पुष्कळ आहेत. बाबा तापाने पडले तेव्हाचे अकरा दिवस नाहीत. सुटले ते सुटले, मागची भरपाई म्हणून एका दिवसात चार काढू नयेत. आणि रोज नवीन काय काढायचे ही चिंता तर मुळीच नको. माझ्याकडे बाबांच्या चहाच्या कपाचे चाळीस-एक फोटो आहेत. कप चाळीत फुटका होता, शिबिरात नवा आला, मग बाबांचा हात कापू लागला तेव्हा कपाऐवजी पेला आला. मी हे ठरवून काढले नव्हते. मागे वळून पाहिले तेव्हा दिसले.

आता वह्या तीन झाल्या आहेत. बाबा रात्रशाळेत शिकले, अक्षर मोठे आणि सुटे. पूर्वी मी सांगायची आणि लिहायचीही मीच. हल्ली ते स्वतः लिहितात, चष्मा पुसून पुसून, एका ओळीला पाच मिनिटे लावतात. परवा संध्याकाळी मी कामावरून येऊन गॅसपाशी उभी होते. त्यांनी माझा मोबाईल उचलला. मी म्हटले, "बाबा, आता नको, केस बघा कसे झालेत. थांबा, मी आलेच." ते थांबले नाहीत. फोटो हलला आहे आणि कोपऱ्यात त्यांचा अंगठा आला आहे. जेवण झाल्यावर त्यांनी वही ओढली, तारीख घातली, माझे पूर्ण नाव लिहिले आणि पुढे लिहिले, "चपात्या करताना."